नाकाची फितुरी

श्री गोदामाई प्रसन्न. शके एकोणीसशे त्रेचाळीस, प्लव नाम संवत्सर, पौष मास. मालेगावी नांदणाऱ्या कन्या हर्षालीबाई यांनी फोनावरून हुकूम केला जे, आबा, त्या पंधरा दिवसांत तुम्ही कोठे गेलात, काय केलेत, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला असता का हसलात, ही हकीकत खरी खरी कळवावी, एक अक्षर लपवू नये. त्यावरून जे घडले ते येणेप्रमाणे लिहिले आहे. नटवून लिहिलेले नाही. वाचणाराने मास्क काढून सावकाश वाचावे.

राजमान्य राजेश्री गोरक्षराव, म्हणजे तेच आबा, मूळ वतन चांदवड तालुका, हल्ली मुक्काम पंचवटी, हे एसटीचे निवृत्त चालक. नाशिक-मालेगाव मार्गावर त्यांनी एकतीस वर्षे गाडी हाकली, आणि घाट उतरताना एकाही उतारूच्या कपाळास टेंगूळ येऊ दिले नाही. स्वभाव सरळ, बोलणे थोडे. एका गोष्टीचा मात्र त्यांस मनस्वी राग असे. गाडीच्या माथ्यावर एवढी थोरली पाटी झळकत असता उतारू दारात येऊन पुसत, "ही गाडी कुठं जाती?" आणि मग रावसाहेब खिडकीतून मुंडी बाहेर काढून गर्जत, "पाटी वाचा!" हे वाक्य ध्यानी ठेवावे. पुढे याचे काम पडणार आहे.

त्यांचे कुटुंब वैकुंठवासी सिंधुबाई. बाईंचा काळा मसाला म्हणजे त्या गल्लीचा तोफखाना. दर चैत्रात मिरच्या उन्हात पडत, कांदा-खोबरे भाजले जाई, दगडफूल निवडले जाई, आणि मग बाई कांडपावर स्वतः उभ्या राहून सर्व ऐवज कुटून आणीत. भाजणीच्या दिवशी अर्धी गल्ली खोकत असे, आणि खोकला ऐकून लोक समजत की सिंधुबाईंची कढई चढली. ऐशा त्या बाई दोन वर्षांमागे मार्गशीर्षात तीन दिवसांच्या दुखण्याने गेल्या. मागे मसाल्याच्या तीन बरण्या राहिल्या. एक तेराव्याच्या पंगतीत गेली. दुसरी रावसाहेबांनी ध्यान न देता रोजच्या कालवणात खाऊन टाकली, आणि तळ लागला तेव्हा त्यांस समजले की आपण काय खाल्ले. मग तिसरी बरणी त्यांनी ओट्याच्या कोपऱ्यात कायमची ठेवली, वरी फडक्याचा दादरा बांधला, आणि स्वयंपाकास बाजारचा पुडा आणू लागले. रोज सकाळी स्नान करून दादरा सोडावा, एकदा वास घ्यावा आणि पुन्हा बांधावा, ऐसा शिरस्ता पडला. हे कोणास ठाऊक नव्हते. हर्षालीबाईंस आज प्रथमच कळत असेल.

पौष शुद्ध अष्टमी, सोमवार. रावसाहेबांनी शिरस्त्याप्रमाणे दादरा सोडला आणि वास घेतला, तो काहीच आले नाही. पुन्हा घेतला. बरणी हलवली, बोट फिरवले, नाक आत घातले. जैसी माती हुंगावी तैसे जाहले. तेव्हा त्यांस वाटले की मसाला उतरला. पावणेतीन वर्षे जुना ऐवज, किती दिवस तग धरणार! बाई एकदा गेल्या त्या मार्गशीर्षात, आणि आज राहिलेल्याही गेल्या, ऐसे मनात येऊन ते ओट्यास टेकून उभेच राहिले.

इतक्यात भिंतीपलीकडून आरोळी आली. शेजारच्या गंगाभागीरथी भागीबाई, भाजीबाजारच्या मानकरी, मेथीच्या जुड्या बांधता बांधता धावत दारी आल्या आणि बोलल्या, "दाजी, दूध जळालं ना! गल्लीभर वास सुटलाय. नाक हाय का नाय तुम्हाला?"

रावसाहेबांनी मागे पाहिले, तो पातेले कोळसा जाहले होते आणि ते त्याच्या शेजारीच उभे होते.

"मला नाही आला वास," ते बोलले.

हे ऐकताच भागीबाई पदर तोंडास लावून एकदम तीन पावले मागे हटल्या. "अगं बाई! म्हंजे तेच हाय ते! हर्षाला फोन लावा आधी. आन् माझ्याकडं तोंड करून बोलू नका!"

बाई भ्याल्या, परंतु रावसाहेबांच्या जिवात जीव आला. दूधही कळले नाही, तर मग अपराध बरणीचा नसून नाकाचा असावा. बरणी इमानी आहे, नाक फितूर जाहले आहे. फितुरास वठणीवर आणता येते.

हर्षालीबाईंनी फोनावर मसलत दिली ती ऐशी: केवळ बाधिताजवळ बसणे जाहले असेल आणि लक्षण काही नसेल, तर पाच दिवस थांबून चाचणी करावी, परंतु लक्षण दिसले तर त्याच दिवशी जावे, वाट पाहू नये. पालिकेचे केंद्र जवळच्या शाळेत आहे. दोन मास्क लावावे, आधार कार्ड न्यावे, रिक्षात बसू नये, चालत जावे. आणि शेवटी म्हणाल्या, "आबा, घाबरू नका. कोरोनात गेलेला वास परत येतो. आमच्या जाऊबाईंचा महिन्याभरात आला."

परत येतो, एवढे दोन शब्द रावसाहेबांनी खिशात घातले आणि मोहिमेस निघाले.

शाळेच्या दारी मोठी फौज रांगेने उभी होती. दोन दोन हातांवर खडूची वर्तुळे आणि प्रत्येक वर्तुळात एक एक शिपाई. रावसाहेबही एका वर्तुळात उभे राहिले, आणि ऊन माथ्यावर येईतो वर्तुळामागे वर्तुळ जिंकीत अखेर मेजापाशी पोचले. तेथे यशश्री नामे परिचारिका बसली होती. तिने वर न पाहता पुसले, "दुसरा डोस कधी झाला?"

"डोस राहू द्या ताई. मला वास येत नाही."

हे शब्द रांगेवर पडले मात्र, तैसी फौज फुटली. कोणी झेंड्याच्या कट्ट्यावर चढले, कोणी मुलींच्या मुतारीआड दडले, एक गृहस्थ आपली चप्पल टाकून फाटकाबाहेर गेले ते चपलेसाठीही परतले नाहीत. यशश्रीबाईंनी खुर्ची मागे ओढली आणि हात लांब करून दारावरील फळा दाखवला. त्यावर हातभर अक्षरांत लिहिले होते: लसीकरण.

"चाचणी मागच्या दाराला आहे, आजोबा," त्या बोलल्या. "पाटी वाचायची ना!"

एकतीस वर्षे जे वाक्य चांदवड, उमराणे, सौंदाणे येथील थांब्यांवर फेकले, ते आज फिरून छातीवर आले. रावसाहेबांनी नमस्कार केला आणि मुकाट मागच्या दारी गेले. तेथे कुलूप होते. कुलपावर कागद होता. तो त्यांनी तीन वेळा वाचला: नमुने सकाळी दहा ते बारा. घड्याळात सव्वाबारा जाहले होते. पहिल्या दिवसाची मोहीम येणेप्रमाणे शिकस्त खाऊन परतली.

शुद्ध नवमी, मंगळवार. रावसाहेब आठ वाजताच मागच्या दारी पहिला नंबर धरून बसले. दहाच्या सुमारास पांढऱ्या चिलखतातले सरदार विश्वेशराव आले, नखशिखांत झाकलेले, डोळे तेवढे उघडे. त्यांनी नाव, वय, लक्षण लिहून घेतले आणि पुसले, "वास कधीपासून नाही?"

"काल सकाळी सहा वाजल्यापासून."

"एवढं नेमकं कसं काय?"

रावसाहेबांनी मास्क उतरवून नाक पुढे केले. मग सरदारांनी लांब काडी काढली आणि फितुराची जबानी घ्यावी तैसी नाकात अशी घातली की ती मेंदूच्या वाड्यास प्रदक्षिणा घालून आली. डोळ्यांतून पाणी आले. पाव तासाने जलद चाचणीचा निकाल पुकारला: निगेटिव्ह. मागे रांगेत उभ्या लोकांनी दुरून मुबारकबाद दिली, एका बाईने हात जोडून काळारामाचे नाव घेतले. रावसाहेबांचा चेहरा मात्र काळवंडला.

याचे कारण ऐसे. त्यांच्या वडिलांचे नाक सत्तरीत गेले होते. कोरोना नाही, सर्दी नाही, नुसते वय. ते नाक मरेतो परतले नाही. थोरले आबा शेवटची आठ वर्षे भाकरी कागदासारखी चावत. रावसाहेबांस आता अडुसष्ट. कोरोना नसेल तर मग हेही वयच, आणि वय काही रुग्णालयात बरे होत नाही.

"पुन्हा बघा की," ते बोलले. "जरा बारीक बघा."

विश्वेशराव थक्क जाहले. "आजोबा, लोकं निगेटिव्ह यावं म्हणून नवस करतात!"

"माझा नवस उलटा हाय," रावसाहेब बोलले. घाबरले म्हणजे त्यांची गावाकडची बोली बाहेर येई. "बायकोच्या हातचा मसाला हाय घरात. एकच बरणी राहिली. त्याचा वास येत नाही. हे कोरोनानं गेलं असंल तर परत येईल म्हणत्यात. वयानं गेलं असंल तर…"

मग विश्वेशरावांनी दुसरी काडी काढली आणि सांगितले की जलद चाचणी कधी कधी चुकते, लक्षण असता तेवढ्यावर विसंबू नये, दुसरा नमुना मोठ्या चाचणीस, म्हणजे आरटीपीसीआरला पाठवावा हाच नियम आहे. दोन दिवसांत मोबाइलावर खलिता येईल, तोवर घराबाहेर पडू नये. आणि काडी घालताना हळूच म्हणाले, "येऊ द्या पॉझिटिव्ह."

ऐसा आशीर्वाद त्या दारी पूर्वी कोणी कोणास दिला नसेल.

एकादशी, गुरुवार, चहाच्या वेळी खलिता आला. पॉझिटिव्ह. रावसाहेबांनी तो पाटीसारखा तीन वेळा वाचला, आणि एकटेच खदखदा हसले, आणि हसत हसतच हर्षालीबाईंस फोन केला: "हर्षा, पॉझिटिव्ह आला! लय बेस झालं!" पलीकडून रडका आवाज आला, "आबा, ताप डोक्यात गेला का हो?" हाच तो प्रसंग, ज्याची चौकशी लागली.

पुढे सात दिवस रावसाहेब आपल्याच घरात नजरबंद राहिले. अंगात ताप असा आलाच नाही. रसदेची जबाबदारी भागीबाईंनी घेतली. दारापुढे स्टूल ठेवावे, त्यावर डबा ठेवावा, कडी वाजवून पळावे, ऐसा बंदोबस्त. संक्रांतीस स्टुलावर पुडी आली आणि पाठोपाठ रस्त्याच्या पलीकडून आवाज आला, "तिळगूळ घ्या, लांबून बोला!" रोज सकाळी स्नान, रोज दादरा, रोज माती. सात दिवस सरले, नजरबंदी उठली, तरी फितूर नाक दाखल होईना. हर्षालीबाई म्हणत महिना लागतो. परंतु रावसाहेबांस आता दुसरेच भय पडले होते. नाक परतेल तेव्हा मसालाच उतरलेला असला तर? दोघांची चुकामूक जाहली तर?

वद्य पंचमीस सकाळी त्यांनी पुन्हा वास घेतला. काही नाही. मग ते बराच वेळ बरणीसमोर बसले, आणि मग उठले, आणि सिंधुबाईंची लोखंडी कढई माळ्यावरून काढली. दोन वर्षे जो ऐवज डोळ्यांत तेल घालून राखला, त्यातून त्यांनी एक चमचा काढला. कडी वाजवून घरातला माणूस उठत नसेल तर दार फोडावे लागते, हा विचार केला. तेल कडकडीत तापले, आणि त्यांनी चमचा उपडा केला.

धूर उठला. काहीच आले नाही. रावसाहेब हलले नाहीत, कढईवर वाकून उभे राहिले. मग घशास काही टोचले. मग डोळे झोंबले. आणि मग नाकाच्या पार आत, जेथे विश्वेशरावांची काडी गेली होती तेथून, एक शिंक निघाली, तीमागे दुसरी, तीमागे तिसरी, जैशा किल्ल्यावरून तोफा व्हाव्या. आणि तिसऱ्या शिंकेमागून दगडफूल आले, आणि भाजले खोबरे आले, आणि मग सगळेच आले.

बाहेर गल्ली खोकू लागली. लोकांनी कोरोना समजून धडाधड खिडक्या लावून घेतल्या. एक भागीबाई तेवढ्या मेथी टाकून अंगणात आल्या, त्यांनी नाक वर केले, आणि भान न राहून हाक मारली, "सिंधूताई, कढई चढली का गं?"

मग त्यांच्याच ध्यानी आले, आणि त्या तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

रावसाहेब दारात आले. नाक, डोळे सर्व वाहत होते. "चढली," ते बोलले. "वाटी घेऊन या, भागीबाई. बटाट्याचा रस्सा टाकतो."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. फितूर नाक पौष वद्य पंचमीस शरण येऊन पुन्हा चाकरीस रुजू जाहले. बरणी निर्दोष ठरली. तीत आता एक चमचा कमी आहे, तो कमीच राहील, आणि रावसाहेबांची त्यास हरकत नाही. बाकीचा निम्मा, हर्षाबाई, तू येशील तेव्हा तुझा. साक्ष भागीबाई, आणि पुराव्यास त्यांची चाटूनपुसून लख्ख केलेली वाटी हजर असे.