पंचवीसच्या आतला नवरा

जहाजाच्या दारातल्या मुलीनं गुंडेरावांच्या मनगटाला निळा कागदी पट्टा बांधला, राजूबाईंच्या मनगटाला निळा बांधला, नव्या सुनेच्या मनगटाला निळा बांधला आणि बंटीच्या मनगटाला पिवळा. गुंडेरावांना वाटलं, सामान उचलणाऱ्याचा वेगळा असेल. चारही पिशव्या बंटीच्याच हातात होत्या.

आळंदच्या बाजारात गुंडेरावांचं बी-बियाण्यांचं आणि औषधांचं दुकान होतं. तुरीवरच्या फवारणीचं औषध यंदा बरं खपलं, म्हणून कंपनीनं बिदर-कलबुर्गीकडच्या दुकानदारांना मुंबईहून गोवा आणि परत अशी जहाजाची सहल दिली. घरची माणसं न्यायची मुभा होती; चौघांचे फॉर्म आणि आधार बंटीनंच भरून पाठवले होते. गुंडेरावांनी आयुष्यात सगळ्यात मोठं पाणी पाहिलं होतं ते अमरजा धरणाचं, तेही उन्हाळ्यात. पण बंटीचं लग्न नुकतंच झालेलं. नव्या जोडप्याला तेवढंच फिरणं होईल, या विचारानं ते तयार झाले होते.

या लग्नाबाबत गुंडेरावांच्या मनात एकच गोष्ट खुपत होती. औराद तालुक्यातल्या चिंताकीच्या ग्यानबांनी मुलगी देताना सांगितलं होतं, "पोरगी तेवीसची हाय. पोरगं चार-पाच वर्सांनी थोर पायजे, जरा समजदार." बंटी चोवीसचा होता. गुंडेरावांनी क्षणभर विचार केला आणि अठ्ठावीसचा सांगितला. पोरगं अंगानं थोराड होतं, मिशी दाट होती. चार वर्षं त्याच्या अंगावर सहज खपून गेली. राजूबाईंनीही पाहुण्यांसमोर मान हलवली होती.

संध्याकाळी सगळ्या दुकानदारांना जेवणाच्या मोठ्या दालनात बोलावलं. कंपनीनं दिलेले सारखे टी-शर्ट घालून माणसं बसली होती. कंपनीचे साहेब अरुणकुमार हातात माईक घेऊन उभे राहिले.

"प्रत्येक निळ्या पट्ट्याला दोन पेग कंपनीकडून. पिवळ्या पट्ट्याला सरबत. या जहाजावर पंचवीसच्या आतल्या माणसाला दारू मिळत नाही, त्यामुळं कुणी काउंटरवर वाद घालू नये."

गुंडेरावांच्या हातातला पापड तोंडापाशी थांबला. त्यांनी बंटीकडं पाहिलं. बंटी शांतपणे सरबत पीत होता आणि पिवळा पट्टा दिव्याखाली चमकत होता.

"बाही खाली घे," गुंडेराव पुटपुटले.

"अर्ध्या बाहीचा हाय, अप्पा."

"मग रुमाल गुंडाळ हाताला. कुणी इचारलं तर लागलंय म्हण."

बंटीनं रुमाल गुंडाळला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला राजूबाईंनीही धोका ओळखला होता. त्या सून दीपमालाला खिडकीकडं वळवून समुद्र दाखवत होत्या. बाहेर अंधार पडला होता आणि काचेत दालनातले दिवेच दिसत होते; पण दीपमाला सासूच्या शब्दाबाहेर नव्हती. ती काचेकडं बघत राहिली.

एवढ्यात माणिकप्पा आले. अफजलपूरचे हे दुकानदार गुंडेरावांचे जुने स्नेही. बंटीच्या लग्नात पंगतीला वाढायलाही तेच पुढं होते. न पिणाऱ्या दुकानदारांचे पेग मागून घेत ते टेबलाटेबलानं फिरत होते.

"अण्णा, तुमी घेत न्हाई, तुमचे दोन माझे," ते म्हणाले. "बंटीचे बी माझेच." मग त्यांचं लक्ष रुमालाकडं गेलं. "हाताला काय झालं रे?"

"लागलंय," बंटी म्हणाला.

"बघू. माझ्याकडं मलम हाय."

माणिकप्पा मनानं मायाळू होते. नको नको म्हणेपर्यंत त्यांनी रुमाल सोडला. जखम नव्हतीच, पिवळा पट्टा तेवढा होता. माणिकप्पांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"जहाजवाल्यांनी चूक केली, अण्णा. पोरगं अठ्ठावीसचं, अन् ल्हान लेकराचा पट्टा बांधलेत."

"ऱ्हाऊ द्या माणिकप्पा. ते कुठं पितंय?"

"ते पीत न्हाई हो. पण त्याचे दोन पेग बुडायलेत की."

त्यांनी बंटीचा दंड धरला आणि त्याला काउंटरवर नेलं. गुंडेराव उठून मागं गेले, पण पायाखालचं जहाज हलत होतं आणि त्यांना खुर्च्या धरत धरत चालावं लागलं. ते पोचेपर्यंत व्हायचं ते सुरू झालं होतं.

"या पोराला चुकून पिवळा बांधलाव," माणिकप्पा काउंटरवरच्या मुलीला सांगत होते. "अठ्ठावीसचा हाय. मी सोता लग्नात जेवलोय."

मुलीनं समोरच्या पडद्यावर नाव शोधलं. "आधारप्रमाणे चोवीस आहेत, काका."

"आधार चुकलं आसंल."

"मी काही करू शकत नाही. उद्या गोव्यात उतरल्यावर तिथला नियम वेगळा आहे. तिथं त्यांना चालेल."

माणिकप्पांनी यावर विचार केला. "म्हंजे पोरगं आज ल्हान अन् उद्या थोर? आमच्याकडं हिरोळीची शीव ओलांडून महाराष्ट्रात गेलं की दारूचा भाव बदलतोय, बाई. माणसाचं वय बदलल्यालं म्या बघितलं न्हाई." मग त्यांनी मागं वळून विचारलं, "अण्णा, तुमीच सांगा. पोरगं कितीचं हाय?"

काउंटरभोवती आळंदचे, बिदरचे, हुमनाबादचे दुकानदार ग्लास घेऊन उभे होते. सगळे गुंडेरावांकडं बघायला लागले.

"जहाजवाल्यांचं बराबर आसंल," गुंडेराव म्हणाले.

माणिकप्पांना तेव्हा तरी गप्प बसता आलं असतं. पण त्यांना आता पेगांपेक्षा न्याय महत्त्वाचा वाटायला लागला होता. "आसं कसं? त्याची बायको तेवीसची, तिच्या हाताला निळा बांधलेत. येक तर दोगांना निळा द्या, न्हाईतर दोगांना पिवळा करा."

मुलीनं पुन्हा पडद्यावर पाहिलं. "त्या सत्तावीसच्या आहेत, काका."

माणिकप्पांनी बंटीचा दंड हळूच सोडला. गुंडेरावांनी मागं पाहिलं तर राजूबाई टेबल सोडून तिथंच येऊन उभ्या होत्या.

त्या चौघांना मिळून एकच खोली होती. वर दोन फळ्या, खाली दोन फळ्या, मध्ये एक माणूस उभं राहील एवढी जागा. तिथं राजूबाई उभ्या राहिल्या.

"सत्तावीस," त्या म्हणाल्या. "माझ्या पोराहून तीन वर्सांनी थोरली बाई माझ्या घरात आणून घातली."

दीपमाला वरच्या फळीवर भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"आपण बी पोराचं..." गुंडेरावांनी सुरुवात केली.

"तुमी गप बसा. पोराचं वाढवलं तर काय बिघडतंय? पोरगं आज न उद्या अठ्ठावीसचं होनारच हाय. ही पुन्हा तेवीसची होनार हाय का?"

राजूबाईंनी चिंताकीला फोन लावून पाहिला. भर समुद्रात रेंज नव्हती. चौथ्यांदा लावून झाल्यावर त्यांनी फोन उशीवर टाकला आणि सुनेकडं न बघता सांगितलं, "मुंबईला उतरलं की तू तुझ्या बापाकडं जा. आमच्या घरी यायचं काम न्हाई."

"आई, जरा ऐक," बंटी म्हणाला.

"तू ल्हान हाईस. जहाजवाल्यांनी सांगितलंय."

वरच्या फळीवरून पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं तोही थांबला.

सकाळी गोव्याचा किनारा दिसला आणि फोनला रेंज आली. बाकीचे दुकानदार टोप्या घालून उतरून गेले. हे चौघं वरच्या मजल्यावर एका बाकाशी थांबले. वाऱ्यानं ऐकू येईना म्हणून राजूबाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"पाव्हणं, आमाला सगळं कळलंय," त्या म्हणाल्या.

पलीकडून ग्यानबांचा आवाज आला, तो अगदी खाली गेलेला होता.

"कुणी सांगितलं, इहीनबाई? गावातलंच कुणी आसंल. पर पोरीचा त्यात काय दोष न्हाई. तेचं नशीब. पयलं लगीन ठरल्यालं पोरगं हिरीवरची मोटार चालू करायला गेलं अन् करंट लागून मेलं. दुसऱ्या दिशी हळद व्हती. आमच्या दारात मांडव घातल्याला व्हता."

राजूबाई फोनकडं बघत राहिल्या.

"लोकं म्हणाले, पोरीचा पायगुण," ग्यानबा सांगत होते. "चार वर्सं कुणी आमचा उंबरा चढलं न्हाई. पोरगी दाराबाहीर निघायची न्हाई. तुमी आला तवा म्या तेवढी चार वर्सं धरलोच न्हाई. ती जगलीच न्हाई त्या वर्सांत, तर मोजायची कशाला, आसं वाटलं. चुकलो मी. पर जावईबापूंना कळू देऊ नका."

दीपमालानं पुढं होऊन फोन बंद केला. ती पुन्हा बाकाच्या टोकाला जाऊन बसली.

"मला म्हाईत हाय," बंटी म्हणाला.

"काय म्हाईत हाय?"

"सगळं. लग्नाच्या दुसऱ्याच दिशी हिनं सांगितली. मी बी माझं खरं सांगितलो."

राजूबाई त्याच्याकडं वळल्या. "मग आमाला कामून बोलला न्हाईस?"

"तुमाला वाईट वाटंल म्हणून. हिच्या बापाला बी वाटंल म्हणून. तुमी सगळे येवढ्या काळजीनं झाकायलाव, मग आमी गप बसलो."

गुंडेराव समुद्राकडं तोंड करून उभे राहिले. राजूबाईंनी पदरानं चेहरा पुसला. त्या वाईट बाई नव्हत्या. मेलेल्या पोराचं ऐकून कालचं बोलणं आता त्यांचं त्यांनाच जड झालं होतं.

"जाऊ द्या," त्या शेवटी म्हणाल्या. "झालं ते झालं. घरी चल, दीपा. फकस्त लोकांना तेवीसच सांगत जाऊ."

"मी मुंबईवरून चिंताकीला जानार हाय, आत्याबाई."

"आता कशाला? कोन काढायलंय तुला?"

"काल तुमी जा म्हणलाव तवा मी पिशवी भरले. आता ती रिकामी करू वाटंना."

हे ती रागानं बोलली असती तर राजूबाईंना सोपं गेलं असतं. ती तसं बोलली नाही. दिवसभर राजूबाईंनी तिला समजावलं, जेवायला वाढलं, केस विंचरून देते म्हणाल्या. दीपमालानं केस विंचरून घेतले, "बरं झालं, आत्याबाई," असं म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला बिदरच्या गाडीत जाऊन बसली. बंटीनं आईकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, आपली पिशवी उचलली आणि तिच्या शेजारी बसला. गाडी हलली तेव्हा त्याच्या मनगटावर तो पट्टा अजून होता. काढायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

कलबुर्गीच्या गाडीत गुंडेराव आणि राजूबाईंच्या समोरच माणिकप्पांची जागा होती. दोन दिवस त्यांनी या कुटुंबाला तोंड दाखवलं नव्हतं. सोलापूर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांना राहवलं नाही.

"अण्णा, पोरगं-सून दिसेनात. माझ्यामुळं काय झालं का? खरं सांगा. मला जेवन जाईना."

गुंडेरावांनी त्यांच्याकडं पाहिलं. खरं सांगायचं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. सगळ्या घोळाचं मूळ आता त्यांना कळलं होतं. पण समोर माणिकप्पा होते, आणि माणिकप्पांच्या पुढं अफजलपूर, आळंद आणि मधली सगळी दुकानं होती.

"तुमच्यामुळं कशाला?" ते म्हणाले. "माहेरी पाठवलो. तिला दिवस गेलेत."

राजूबाईंनी झटकन मान वळवली. माणिकप्पांचा चेहरा उजळला. त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं.

"कितवा महिना?"

"चौथा," गुंडेराव म्हणाले. थोडं वाढवून सांगायची त्यांना सवय होती.

गाडी कलबुर्गीला पोचेपर्यंत माणिकप्पांनी ही बातमी फोनवरून सहलीतल्या सगळ्या दुकानदारांना कळवली. ज्यांनी काउंटरवरचं ऐकलं होतं त्यांच्या मनात वाकडं काही राहू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. दुसऱ्या दिवशी गुंडेरावांनी दुकान उघडलं तेव्हा शेजारचा भांडीवाला पेढे मागायला आला. दुपारपर्यंत औषध न्यायला आलेले चिंचनसूरचे शेतकरीसुद्धा अभिनंदन करून गेले.

राजूबाईंनी संध्याकाळी चिंताकीला फोन लावला. दीपमालानंच उचलला.

"दीपा, कवा यायलीस?"

"बघू, आत्याबाई. इथं बरं वाटायलंय."

"लौकर ये बाई. माझं चुकलं, मी हात जोडते. लोकं इचारायलेत."

"काय सांगितलाव लोकांना?"

गुंडेराव समोरच बसले होते. त्यांनी चहाच्या कपात बघायला सुरुवात केली. "मामांनी सांगितलेत," राजूबाई म्हणाल्या, "तुला दिवस गेलेत म्हणून."

पलीकडं बंटी काहीतरी विचारत होता आणि दीपमाला त्याला थांब म्हणत होती.

"कितवा महिना सांगितलेत?"

"चौथा."

"आत्याबाई," दीपमाला म्हणाली, "आमच्या लग्नाला आजून तीन महिने बी झाले न्हाईत."

राजूबाईंनी फोन कानाला तसाच ठेवला आणि दाराकडं पाहिलं. शेजारची नागूबाई सुनेसाठी ओटीत कच्च्या चिंचा घेऊन अंगणातून येत होती, आणि येता येता अंगठ्यानं बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती.