बेलपानाचा कौल

"पंचपालवी बांधिली माझ्या बापाच्या मेढीला,
बंधुराया गं निघाला बहिणीच्या ओढीला..."

भुईमूग खुरपता खुरपता दगडाबाई ही ओवी म्हणायची, तेव्हा तिचा पोरसवदा लेक गोरक्षनाथ बांधावर बसून शेंगा फोडायचा. शेंगा संपल्या, ओवी कानात रुजून राहिली. पुढे तो नगरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवू लागला, माथ्यावरचे केस विरळ झाले, तरी ती ओवी काही विरली नाही. आणि तिनंच एके दिवशी भर पाहुण्यांत घराचं आढं हलवलं.

गोरक्षनाथानं कॉम्प्युटरची एक नवी भाषा रचली होती. एका देठाला तीन पानं, म्हणून तिचं नाव बेलपान. पहिलं पान तर्काचं: आपण नियम सांगून मोकळं व्हायचं, उत्तर तिनं हुडकायचं. दुसरं गणिताच्या सूत्रांचं: एका नात्यातून दुसरं नातं माळेसारखं ओवत न्यायचं. तिसऱ्या पानात प्रत्येक माणूस म्हणजे स्वतःची शिदोरी बांधून आलेली एक वस्तू. बापाच्या शिदोरीतलं लेकराकडं न मागता यायचं. प्रयोग करायला नाती हवी होती, आणि नात्यांची आपल्या घरी काय वाण! दिवाळीच्या सुट्टीत तो कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून, टेम्पोत घालून नेवाशाजवळच्या आपल्या गावी घेऊन आला. सगळी भावकी आणि सगळे सोयरे त्यानं यंत्रात भरले. प्रत्येकाचं देवकही भरलं. देवक म्हणजे कुळाचं, लग्नात मांडवाच्या मेढीला बांधून पुजायचं झाडपान. ज्यांचं देवक एक, ती बहीणभावंडं, त्यांचं लग्न होत नाही.

इथंच तर घोडं अडलं होतं. धाकटी बहीण शुभांगी आणि देवळाली प्रवऱ्याचा नितीन यांनी एकमेकांना पसंत केलं होतं. पण दोन्ही घरांचं देवक पंचपालवी, म्हणजे पाच झाडांची पालवी. आणि देवकाच्या बाबतीत तिच्या वडिलांसारखा, श्रीमंतआबांसारखा, करडा माणूस आसपासच्या गावांत नव्हता. जमत आलेल्या किती सोयरिकी त्यांनी नुसत्या एका पानावरून मोडल्या होत्या.

"गोरख, तुजं मशीन सोयरीक सांगतंय म्हनं?"

"सांगतं, आबा. पण अजून कच्चं आहे ते."

"कच्चं का आसंना. देवळालीच्या पावन्यांना बोलावलंय. मानसं लई गोड हायेत, न्हाई म्हनायला माजी जीभ रेटंना. मशीन म्हनंल न्हाई, आपुन हात जोडून मोकळं!"

शुभांगीनं गोरक्षनाथाला चुलीपाशी गाठलं. "दादा, एखादं पान खोटं घाल की रे."

"नियमात खोटं चालत नाही, शुभे."

"मग तुझी ती तीन पानं घाल महादेवाला!" म्हणत तिनं पदरानं डोळे पुसले. दगडाबाई भाकरी थापत होती. तिचा हात मधेच थांबला.

पाहुणे आले. नितीन मान खाली घालून बसला. त्याची आत्या झुंबरबाई, शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण, चष्मा चढवून थेट पडद्यासमोर ठाकली. गोरक्षनाथानं जड बोटांनी प्रश्न घातला. पडद्यावर मराठी अक्षरं उमटली, ती झुंबरबाईनंच खणखणीत वाचली, "सोयरीक होत नाही. दोघांचे देवक पंचपालवी."

आबांनी हळहळल्यासारखं केलं. "काय करावं, बाई! यंत्रापुढं आपलं काय चालतंय?"

"चालतंय की," झुंबरबाई म्हणाली. "गणिताचा ताळा करत्यात, तसा याचा बी करू. ज्यांचा संसार सुखाचा झाला, असं एक जोडपं घाला. त्याला व्हय म्हनलं, तर यंत्र खरं."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "मंग लांब कशाला? आमचंच घाला!"

गोरक्षनाथानं हसत हसत आईबापांची नावं दाबली.

"सोयरीक होत नाही. दोघांचे देवक पंचपालवी."

ओसरीवर एका पाहुण्याच्या बशीतला चहा धोतरावर ओघळला, तरी त्याला पत्ता नव्हता. गोरक्षनाथाच्या कानात घंटा वाजावी तशी ओवी वाजली. पंचपालवी बांधिली माझ्या बापाच्या मेढीला! आईचं देवक त्यानं कुणाला विचारलंच नव्हतं. ओवीतून उचललं होतं.

"मोडलंय त्ये!" आबा गरजले. "हिच्या माहेरचं देवक कळंब! मी मांडवात डोळ्यानं बघितलंय!"

"मोडलं असंल तर मगाचं न्हाई बी मोडकंच," झुंबरबाई शांतपणे म्हणाली. "मंग फोडा सुपारी. आन यंत्र खरं असंल, तर आबा, तुमीच सांगा, तुमी आन वैनी कोन झाला एकमेकांचे?"

तेवढ्यात पिठाचे हात तसेच घेऊन दगडाबाई दारात आली.

"मशीनला बोल लावू नका," ती म्हणाली. "खरंच बोलतंय त्ये. हे आमच्या मिरजगावच्या बाजारात बैल बघायला यायचे. बैल बघायचे हे, आन ह्यांना बघायचे मी. देवक एक हाय म्हनल्यावर भावाच्या पाया पडले, म्हनलं, कळंब सांग. त्यानं सांगितलं. पन आमच्या माळावर कळंबाचं झाड औशिदाला न्हाई. मांडवात त्यानं डहाळी कुठनं आनली, त्ये देवालाच ठावं."

शुभांगी खांबाला धरून उभी. गोरक्षनाथाला वाटलं, आता आबा काठी घेतात आणि आधी कॉम्प्युटर फोडतात, मग आपल्याला.

आबा उठले. अंगणापलीकडं विहिरीवरचा कळंब दिसत होता, त्याच्याकडं त्यांनी बघितलं. मग घसा खाकरला.

"शुभे, सुपारी आन."

आणि दगडाबाईकडं न बघताच, लग्नातल्या नवरदेवासारखे लाजत म्हणाले, "ती डहाळी ह्याच झाडाची. कांबळ्यात गुंडाळून, यष्टीनं, मीच नेऊन दिल्ती तुज्या भावाला. बैल तर मला घ्यायचाच नव्हता."