जाहिरातीतला चौकटीचा शर्ट

संध्याकाळच्या बातम्यांआधी जाहिराती लागल्या, की वेंडेलिन एस्सर हातातला पाव बशीत ठेवून टीव्हीसमोर ताठ बसत असे. टूथपेस्ट जाई, मांजराचं खाणं जाई आणि मग वीज कंपनीची जाहिरात येई. हिरवं कुरण, सफरचंदाची झाडं आणि मागे दोरीवर कपडे वाळत घालणारी एक बाई. 'आमची वीज, तुमची हिरवळ जशीच्या तशी,' असं एक गोड आवाज सांगे. बाई ओल्या हाताच्या मनगटानं कपाळावरचे केस मागे सारी, की जाहिरात संपे.

ती बाई म्हणजे वेंडेलिनची बायको ट्रूडे. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. कुरणही गेलं होतं. त्याच कंपनीनं कोळशासाठी अख्खं होल्टराथ गाव खणून काढलं आणि माणसं, गल्ल्यांची नावं, थडगीसुद्धा उचलून नव्या होल्टराथमध्ये नेऊन ठेवली. गाव उठण्याआधी कंपनीची माणसं कॅमेरा घेऊन हिंडली होती, तेव्हाचं हे चित्रण. घरात ट्रूडेचे फोटो पुष्कळ होते. पण फोटोतली ट्रूडे केस मागे सारत नव्हती.

एका शनिवारी मेहुणी आग्नेस कॉफीला आली, तेव्हा न राहवून त्यानं तिला जाहिरात दाखवली. चूक इथेच झाली. आग्नेस ग्राहक संघटनेत काम करायची.

"भावोजी, तिथं आता खड्डा आहे."

"आहे. पण तू ट्रूडेकडे बघ ना."

"ताईला बघितलं. गाव खणायचं आणि वर कुरण दाखवून वीज विकायची? आम्ही दावा लावणार."

"एवढ्यात कशाला? हिवाळा तरी जाऊ दे."

दावा लागला. साक्षीला जुन्या गावातलं कुणीतरी हवं होतं. बाकीच्यांना कंपनीनं पोहण्याचा तलाव बांधून दिला होता, त्यामुळे त्यांना काही आठवत नव्हतं. उरला वेंडेलिन. दावा जिंकला की जाहिरात बंद होणार, हे कळल्यावर त्यानंही काही न आठवायचं ठरवलं.

कोर्टात मोठ्या पडद्यावर जाहिरात लावली. ट्रूडे माणसाएवढी झाली.

"हे कुरण ओळखता?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"कुरणं सगळी सारखीच दिसतात, बाई."

मागच्या बाकावरून आग्नेसनं असं पाहिलं, की यापुढे कॉफीला कुणी येणार नाही हे त्याला समजलं.

डुसेलडॉर्फहून आलेला कंपनीचा वकील खुशीत उठला. "जागा आजही आहे. चर्चगल्ली, होल्टराथ. रोज टपाल जातं. आणि या बाई आमच्या आजच्या समाधानी ग्राहक."

वेंडेलिनचे कान तापले.

"समाधानी? घर सोडायचं म्हणून ती तेव्हा माझ्याशीसुद्धा बोलत नव्हती. आणि टपाल नव्या गावात येतं. या कुरणावर न्यायचं तर पोस्टमनला तुमच्या खड्ड्यात उतरावं लागेल."

"ही तुमची बायको कशावरून?" वकिलानं विचारलं.

"शर्ट उलटा टांगलाय बघा, खालच्या कडेला चिमटे लावून. खांद्यावर खुणा नकोत म्हणून ती तसाच टांगायची. चौकटीचा शर्ट, खिशाला निळं ठिगळ." त्यानं कोटाची बटणं काढली. आत तोच शर्ट होता. आज ट्रूडे दिसणार, म्हणून मुद्दाम घातलेला.

न्यायाधीशबाईंनी एकदा शर्टाकडे, एकदा पडद्याकडे पाहिलं आणि लिहायला घेतलं. आपण काय करून बसलो, हे वेंडेलिनला तेव्हा कळलं. जाहिरात बंद करण्याचा हुकूम निघाला.

बाहेर पायऱ्यांवर आग्नेस म्हणाली, "जिंकलो की, भावोजी. तोंड कशाला पाडलंय? मी फोनवर घेऊन देते. हवी तेव्हा लावा."

"फोनवर मी बोलावलं की येईल," वेंडेलिन म्हणाला. "टीव्हीवर ती आपणहून यायची."

तेवढ्यात वकील फणफणत खाली आला. "इथं संपलं असं समजू नका. आम्ही वरच्या कोर्टात जाणार."

वेंडेलिन थबकला. "तिथंही पडदा असतो?"

"असतो. याहून मोठा."

वेंडेलिननं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"तारीख तेवढी कळवा," तो म्हणाला. "शर्ट धुऊन ठेवतो."