आधी आबांचा

चिंगीला ताप आला, आणि घरात दोन डॉक्टर असल्यामुळे तो लवकर जाण्याची आशा पहिल्याच दिवशी मावळली.

थोरले डॉक्टर म्हणजे चिंगीचे आबा. लहान मुलांचे ताप उतरवण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता ते निवृत्त होते, म्हणजे दवाखान्यात मुलगा बसे आणि हे त्याच्या मागे खुर्ची टाकून बसत. तापाचं मूळ शोधताना माणसाने डोक्यापासून पायापर्यंत काही सोडू नये, हे त्यांनीच मुलाला शिकवलं होतं. ते स्वतः मात्र एक अवयव सोडत. कान.

त्याला कारण होतं. सूनबाईंचे वडील कान-नाक-घशाचे डॉक्टर. मुलीच्या लग्नात त्यांनी साऱ्या पाहुण्यांसमोर व्याह्यांना प्रेमाने सांगितलं होतं, "डॉक्टर, तुम्हाला ऐकायला कमी येतं. एकदा येऊन जा, बघू या." एरवी तीनदा सांगावं लागणाऱ्या थोरल्यांना हे मात्र पहिल्या खेपेला ऐकू आलं. तेव्हापासून व्याह्यांचं येणं बंद झालं, आणि कान हा शब्द घरातून हद्दपार झाला. थोरल्यांशी सगळे मोठ्याने बोलत आणि थोरल्यांविषयी नेहमीच्या आवाजात.

तर चिंगीचा घसा पाहून झाला. स्वच्छ. पोट दाबून झालं. लघवी तपासली, रक्त तपासलं, त्यातही काही निघालं नाही. छातीला थोरल्यांनी स्वतः नळी लावली, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि "छाती उत्तम" असा निर्वाळा दिला. ते हात धुवायला गेल्यावर धाकट्यांनी गुपचूप पुन्हा नळी लावून खात्री केली. ही त्या दवाखान्याची जुनी रीत होती.

ताप चढतच राहिला. चिंगी डावा हात गालाशी नेऊन उशीवर डोकं घासत होती.

"ती सारखी डावीकडे हात नेतेय, बाबा," धाकटे मोठ्याने म्हणाले.

"दाढ," थोरले म्हणाले.

दाढा आलेल्या आहेत, असं धाकट्यांनी नम्रपणे निदर्शनास आणलं. थोरल्यांनी मग पुस्तकांचं कपाट उघडलं आणि आयुष्यात एकदाच, तेही दुसऱ्याच्या रुग्णात, पाहिलेल्या एका आजाराची लक्षणं वाचायला घेतली.

ते आंघोळीला गेल्याची संधी साधून धाकट्यांनी लेकीच्या कानात बॅटरी मारली. आत मळाचं असं बूच बसलं होतं की पडदा दिसेना. रडणाऱ्या पोरीच्या कानातून ते काढायला सराईत हात हवा होता, आणि तसा हात माहितीत एकच होता.

"पोरगी तापाने फणफणलीये," सूनबाई कुजबुजत नव्हे, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आणि आपण एका माणसाचा मान सांभाळतोय." आंघोळ उरकलेले सासरे तेव्हा दोन हातांच्या अंतरावर पंचा वाळत घालत होते. नवऱ्याने डोळे वटारले. "ऐकू कुठे जातंय," त्या म्हणाल्या.

शेवटी धाकट्यांनीच धीर केला आणि वडिलांना ओरडून सांगितलं. घरात बऱ्याच वर्षांनी तो शब्द घुमला. थोरल्यांनी पुस्तक मिटलं. चिंगीच्या कपाळावर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"बोलव त्यांना," ते म्हणाले.

व्याही पेटी घेऊन आले. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, तोही औषधाच्या घोटासारखा. व्याह्यांनी कपाळावर दिवा चढवला मात्र, चिंगीने दोन्ही कान हातांनी झाकून घेतले.

"आधी आबांचा," ती म्हणाली.

हा धडा थोरल्यांचाच होता. मूल घाबरू नये म्हणून जन्मभर ते आधी बाहुलीला, मग आईला आणि मग मुलाला तपासत आले होते. घरात बाहुलीची जागा त्यांनी स्वतः घेतली होती. थर्मामीटर आधी आबांना, कडू औषधाचा चमचा आधी आबांना. आता माघार घेतली असती तर चाळीस वर्षांची वैद्यकी खोटी ठरली असती.

थोरले खुर्चीवर बसले. फोटो काढून घेताना बसतात तसे.

व्याह्यांनी आत पाहिलं. चिमट्याने त्यांनी शेंगदाण्याएवढा काळा खडा बाहेर काढला आणि कापसाखाली झाकला. "आता दुसरा," चिंगीने हुकूम सोडला. दुसऱ्या कानातूनही त्याचा जुळा भाऊ निघाला. थोरल्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा चमकून पाहिलं आणि पुन्हा समोर बघू लागले.

मग चिंगी निमूटपणे आबांच्या मांडीवर बसली. मळ निघाला, मागचा पडदा लालभडक दिसला, तापाचं मूळ सापडलं. व्याह्यांनी औषध सांगितलं, धाकट्यांनी मान डोलावली. थोरले नातीला थोपटत आत बसून राहिले.

बाहेर दाराशी चपला घालताना व्याही मुलीच्या अगदी जवळ गेले आणि कुजबुजले, "त्या मळाचा विषय काढू नका. म्हातारा आधीच दुखावलाय."

"म्हातारा कुणाला म्हणता, डॉक्टर?" आतून शांत आवाज आला.

चिंगीचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. स्वयंपाकघराचं दार मात्र त्याच संध्याकाळपासून आतून लावून घेतलं जाऊ लागलं.