कूलरमधला अरबी समुद्र

नागपुरातल्या हुडकेश्वर भागातल्या आपल्या घरी पोचताच मुकुंदनं टेबलाखालचं खोकं उघडलं. आतला नारळाएवढा पांढरा गोळा गायब होता.

सात वर्षं तो अरबी समुद्रातल्या प्रवाहांचा आणि भोवऱ्यांचा अभ्यास करत होता, तोही नागपुरात बसून, उपग्रहाच्या नकाशांवर. समुद्र त्यानं पाहिलाच नव्हता. शनिवारी पहिल्यांदा जहाजावर जाऊन हा गोळा भोवऱ्यात सोडायचा होता. पाणी लागलं की गोळा जागा होणार आणि आपला ठावठिकाणा नि पाण्याचं तापमान कळवत राहणार. एकदा जागा झाला की तो बंद करायची सोय नव्हती.

"आई, गोळा कुठाय?"

"काहून वरडून राह्यला गा? तुह्या बाबानं कूलरमंदी बसवला," रुखमाबाई म्हणाल्या.

वामनराव शाबासकीच्या आशेनं पुढे आले. "टाकी भरली का पानी बंद करनारा जुना बॉल फुटला होता ना! पानी अंगणभर वाहून राह्यलं होतं. मले वाटलं, तूच नवा आणून ठेवला. तारेनं असा पक्का बांधला का बस!"

"बाबा, तो समुद्रात सोडायचा होता!"

"मंग? हे बी पानीच हाये ना."

तेवढ्यात बंदरावरून त्याच्या पीएचडीच्या गाईड मधुवंती मॅडमचा फोन आला. "मुकुंद, तुमचा गोळा सकाळपासून संदेश पाठवतोय. नकाशावर हुडकेश्वर दिसतंय. तिथे कोणता समुद्र आहे?"

मुकुंदनं सगळं सांगितलं. वापरलेलं यंत्र जहाजावर चालत नव्हतं, आणि गोळ्याशिवाय मुकुंदचं तिथे काही काम नव्हतं.

"सुरू झालाच आहे, तर तापमान बरोबर दाखवतो का तेवढं तपासू," मॅडम शेवटी म्हणाल्या. "आता पाण्यातून काढू नका."

शनिवारी जहाज गेलं. प्रवासासाठी केलेला चिवडा घरातच संपला. मुकुंद दोन दिवस कूलरसमोर बसून होता. गार वाऱ्यानंही त्याला काही बरं वाटेना.

सोमवारी भर दुपारी, नळाचं पाणी गेलेलं असताना, जहाजावरून फोन आला. "मुकुंद, गोळा कोरडा पडलाय."

मॅडमच्या आवाजामागे मोठ्या पाण्याचं सावकाश घुसळणं ऐकू येत होतं. मुकुंदनं फोन कानाशी घट्ट दाबला. "मॅडम, जरा वेळ फोन ठेवू नका."

"का? काही बोलायचंय?"

"नाही."

"काय म्हणते तुही मॅडम?" आतून रुखमाबाईंनी विचारलं.

"टाकीतलं पाणी संपलं म्हणतात."

"लय ध्यान ठेवते गा बाई! जाय, दोन बकेटा टाक."

मुकुंदनं फोन खांद्यानं कानाशी धरला आणि बादली उचलली.