दगाआबांचं पांढरं धोतर

आमच्या कोरीटात दगाआबा रोज सकाळी धुतलेलं पांढरंशुभ्र धोतर नेसून आपल्याच घरात संथपणे फिरायचे. सगळ्या खोल्या झाल्या की ओट्यावर उन्हात उभं राहून धोतरावरचे काळे ठिपके मोजायचे. पिसवा शोधायची ही त्यांची तऱ्हा! "धोतर खोटं बोलस नही," असं वर ठणकावून सांगायचे.

मी त्यांची शेजारीण, मधे एकच भिंत. आबांचा कुत्रा मोत्या मूळचा समोरच्या करीमभाई पिंजाऱ्याचा. करीमभाई वर्षापूर्वी वारले, मागं कुणी नाही. घराची किल्ली आणि मोत्या दोन्ही आबांकडं आले. आबाही तसे एकटेच. आणि मग पिसवा आल्या.

आबांनी काय काय नाही केलं! मोत्याला करंजाचं तेल चोपडलं. निंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं घर सारवलं. लढाईमुळं घासलेट मिळेना, तर चिमणीतलं होतं नव्हतं ते भिंतीच्या फटीत ओतलं आणि अंधारात जेवले. सकाळी धोतर कोरं. दुसऱ्या दिवशी अकरा ठिपके!

"ह्या आते कोठून उन्यात व, बहू?" मलाच विचारायचे. जशा काही मीच पाळल्या होत्या!

पण माझ्या तान्ह्या लेकीचं अंग चावून चावून लाल झालं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. "आबा, शनवारलगून पिसवा गयात नही तं मोत्याले गाडीमा घालीसन खांडबाराले सोडी येसू!" एरवी तोंडाला तोंड देणारे आबा त्या दिवशी मोत्याला घेऊन आत निघून गेले.

शनिवारी दुपारी मी तावातावानं आबांकडं गेले, तर घरात कुणी नाही. समोर करीमभाईंचं कुलूप उघडलेलं. आत जुन्या पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर मोत्या दाराकडं तोंड करून बसलेला, शेजारी मांडी घालून आबा. धोतर तीळ लावलेल्या भाकरीसारखं झालेलं.

मी कपाळावर हात मारला. "आबा, पिसवास्नं माहेर तं आठे शे!"

"माले माहीत शे," आबा हळूच म्हणाले. "पण रोज दुपारले तो आठे येस. करीमनी वाट देखस. त्याले एकला कसा बठू देऊ?"

"मग हा कापूस बाहेर का नही काढा?"

"करीमना वास शे त्यामा."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मला माझीच लाज वाटली. पण लेकीचं अंगही डोळ्यांसमोर होतं, म्हणून मी तशीच उभी राहिले. आबांनी ते ओळखलं. उठले, कापसावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "तुन्ही पोर ल्हान शे. आन झाडू."

कापूस गावाबाहेर नेऊन जाळला. घर दोनदा झाडून सारवलं. आबांनी तिथून एकच वस्तू आणली, करीमभाईंची कापूस पिंजायची धनुकली, पिंजण. ती स्वतःच्या घरात खुंटीला टांगली आणि मोत्याचं पोतं तिच्याखाली अंथरलं.

पिसवा गेल्या. लेक रात्रभर झोपू लागली. आबांचं धोतर मात्र रोज सकाळी फिरतच राहिलं, कोरंच्या कोरं. आणि दुपारी भिंतीपलीकडं मोत्या दारापर्यंत धावल्याचा आवाज यायचा, मागोमाग आबांचा:

"आज बी उना नही रे करीम. ये, बठ मन्हाजोडे."