औताडे काकांची ना-हरकत

आमच्या जिन्यात एक मांजर झोपतं. औताडे काका त्याच्याजवळ थांबतात, वाकतात आणि विचारतात, "बाजूनं जायला हरकत नाय ना?" मांजराने डोळे किलकिले केले की ती संमती समजून पुढे जातात. ते गाढ झोपलेलं असलं तर काका उभेच.

दुसऱ्या मजल्यावरचे हे काका वैजापूरला तहसील कचेरीत कारकून होते. उभा जन्म ना-हरकत दाखल्यांत गेला, आणि निवृत्त होताना ते खातं बहुधा सोबत घेऊनच मुकुंदवाडीला आले. आमच्याकडे "बसा" म्हटल्याशिवाय बसत नाहीत. एकदा माझे मिस्टर वैतागून म्हणाले, "काका, श्वास घ्यायलाही विचारणार का?" काका गंभीरपणे म्हणाले, "ते केंद्राच्या अखत्यारीत येतं."

इमारतीत पाइप गॅस आणायचं ठरलं तेव्हा परवानग्यांचं काम अर्थातच त्यांच्याकडे आलं. त्यात सगळ्यांत जास्त जीव माझा अडकला होता. मी तिसऱ्या मजल्यावर डबे करते. लिफ्ट नाही, आणि गॅसची टाकी नेमकी पोळ्यांच्या वेळी संपते. दोनदा डबे चुकले की गिऱ्हाईक तोंड फिरवतं.

गल्लीतला रस्ता नुकताच झालेला, तो खोदायची परवानगी हवी होती. काका वॉर्ड ऑफिसात गेले. साहेब कामात, "बसा" म्हणायचं राहून गेलं. काका टेबलासमोर उभे. जेवणाची सुट्टी झाली, संपली, काका तिथेच. शेवटी साहेब ओशाळून म्हणाले, "अहो, बसा की!" "बसतो. खोदायला हरकत नाय ना?" सही घेऊनच आले.

पाइप एकेका घराच्या ड्राय बाल्कनीतून वर चढणार, म्हणून घरोघरची संमती लागत होती. तळमजल्यावरच्या साळवेबाई भिंतीला भोक पाडू देईनात. काका रोज सकाळी जाऊन भिंतीचीच समजूत घालू लागले. चौथ्या दिवशी बाईंनी हसत सही केली.

सगळ्यांच्या सह्या झाल्या. राहिली एकच, खुद्द काकांची. आज करतो, उद्या करतो. कंपनीचा माणूस म्हणाला, शनिवारपर्यंत झालं नाही तर आम्ही पुढच्या इमारतीकडे जाणार. मी तणतणत खाली गेले.

दार उघडंच होतं. शेगडीवर मोठं पातेलं, आत नुसतं पाणी खळखळत होतं.

"अंघोळीचं का?"

"नाय. गीझर हाय की." काकांनी गॅस बारीक केला. मग म्हणाले, "ताई, पाइपाचा गॅस घेतला की सिलिंडर परत द्यावा लागतो. मग रफिकभाई कशाला येतील?"

रफिकभाई म्हणजे टाकी पोचवणारे.

"टाकी लावली की घंटाभर बसतात. त्यांची लेक, माझं गुडघं, समदं बोलणं होतं. पण एकट्याची टाकी लई दिवस सरत नाय. म्हणून असं जाळतो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. रोज त्यांच्या दारावरून जिना उतरणारी मी, आणि माणूस बोलायला मिळावा म्हणून इथे पाणी उकळत होतं.

"काका, पाइप वर जाऊ द्या. तुम्ही कनेक्शन घेऊ नका. नको म्हणायचा हक्क आहे तुम्हाला."

"समद्यांना घ्या घ्या म्हणलं, अन् मीच नाय म्हणू? जन्मात कधी हरकत घेतली नाय, ताई."

"मग आता घ्या."

त्यांनी तिथल्या तिथे पाइपाला संमती दिली आणि त्याच कागदावर खाली स्वतःच्या कनेक्शनला हरकत नोंदवली. ती ओळ लिहून झाल्यावर किती तरी वेळ कौतुकाने बघत होते.

माझ्याकडे पाइप गॅस आला. तरी डब्यांची डाळ मी रोज काकांच्या शेगडीवर शिजवते. वर जागा पुरत नाही, असं त्यांना सांगितलंय. रफिकभाई हल्ली लवकर लवकर येतात.